मुलीला चर्चच्या गटाबरोबर ग्वाटेमालात शाळा बांधायला पाठवावं का?

रेवाची_आई (८ मार्च)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

आम्ही ओहायोत राहतो. लेक रेवा सोळा वर्षांची. तिची जिवलग मैत्रीण मेथडिस्ट (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) चर्चला जाते. त्यांचा युवागट जूनमध्ये नऊ दिवस ग्वाटेमालात जाणार आहे, एका खेड्यातल्या शाळेच्या दोन नव्या खोल्या बांधायला. मुलं आणि मोठी धरून बावीस जण. माणशी खर्च २३५० डॉलर. ते पैसे घरातून द्यायचे नाहीत, ओळखीच्यांना पत्रं लिहून गोळा करायचे अशी पद्धत आहे म्हणे. चर्चचे नसलात तरी चालतं. रेवाने पत्राचा मसुदाही तयार केलाय, स्वतःच्या फोटोसकट.

घरात तीन पक्ष आहेत. नवरा म्हणतो जाऊ दे, कॉलेजच्या अर्जावर बरं दिसतं. सासूबाई सांगलीहून फोनवर म्हणाल्या, "बाटवतील गं पोरीला." आणि मी? मला वेगळाच प्रश्न पडलाय. या मुलीने आजवर स्वतःच्या खोलीतला केर काढलेला नाही. ती शाळा बांधणार म्हणजे नक्की काय करणार? तिथे बांधणारी माणसं नाहीत का?

कुणी असं गेलंय का? किंवा कुणाच्या गावात अशी मंडळी आलीत का?

---

टवाळपंत (८ मार्च)

आमच्या वाकडच्या बंगल्याचा स्लॅब राहिलाय. पाठवून द्या. २३५० डॉलर घेणार नाही, वर दोन वेळ जेवण.

---

कॉंक्रीटकाका (८ मार्च)

टवाळ, बाजूला हो. ताई, चाळीस वर्षं बांधकामात गेली, म्हणून लिहितो.

ग्वाटेमाला भूकंपाचा देश. ४ फेब्रुवारी १९७६ च्या पहाटे तीनला तिथे ७.५ चा धक्का बसला, सुमारे तेवीस हजार माणसं गेली. बहुतेक जण झोपेत, मातीच्या कच्च्या विटांच्या भिंती आणि वरची कौलं अंगावर येऊन. त्यानंतर तिथे सिमेंटचा पोकळ ब्लॉक, त्यातून उभी सळई आणि ठरावीक उंचीवर आडवे पट्टे ही पद्धत रुजली. पद्धत चांगली आहे, पण तिचा सगळा जीव सांध्यात. सळई कोपऱ्यात किती वळवली, रिंगा किती अंतरावर बांधल्या, ब्लॉकच्या पोकळीत कॉंक्रीट खालपर्यंत उतरलं की मधेच अडकलं, हे बाहेरून दिसत नाही. गिलावा झाला की सगळ्या भिंती सारख्याच देखण्या.

आणि नवखा माणूस एक चूक हमखास करतो: माल ढवळायला जड जातो म्हणून पाणी ओततो. फावडं हलकं चालतं, कॉंक्रीट कमजोर होतं. पोरं दमली की पाणी वाढतंच. माझ्या साइटवर शिकाऊ इंजिनियरसुद्धा करायचे.

शिवाय जून. तिथे मे ते ऑक्टोबर पावसाळा. अमेरिकेतल्या शाळांना उन्हाळी सुट्टी म्हणून बांधकाम ऐन पावसात! त्या गावाला विचारून तारीख ठरवली असती तर कुणीही जानेवारी-फेब्रुवारी सांगितला असता.

तेव्हा चर्चला तीन गोष्टी विचारा. नकाशा कुणी काढला, मिस्त्री कोण, आणि तुम्ही नवव्या दिवशी निघालात की पाणी कोण मारणार? कॉंक्रीटला निदान सात दिवस ओलं ठेवावं लागतं, पुरी ताकद यायला अठ्ठावीस. विमानाचं तिकीट त्यासाठी थांबत नाही.

---

गोदावरी७८ (८ मार्च)

काका, चौथा प्रश्न राहिला. शिक्षक कोण? खोली बांधणं सोपं असतं हो. आमच्या तालुक्यात खोल्या आहेत, रंगरंगोटी आहे, एक गुरुजी चार वर्ग सांभाळतायत.

---

वसईकर_डिसोझा_नव्हे (९ मार्च)

सासूबाईंच्या 'बाटवतील'वर एका ख्रिश्चनाने बोललं तर चालेल ना? :)

ग्वाटेमाला सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक आले तेव्हापासून कॅथलिक आहे. प्रॉटेस्टंट तिथे आले १८८२ मध्ये, तेही अध्यक्ष बार्रिओस यांनी स्वतः प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याला बोलावलं म्हणून. त्यांना कॅथलिक चर्चचा जोर कमी करायचा होता. आज तिथे प्रॉटेस्टंटही अमाप आहेत. म्हणजे मेथडिस्ट पोरं तिथे जाऊन बाटवणार कुणाला? झालंच तर आमच्या कॅथलिकांना. त्याची काळजी मी करतो, सासूबाईंनी निवांत झोपावं.

मात्र एक सांगतो. सकाळी बांधकाम आणि दुपारी गावातल्या मुलांसाठी बायबलचा वर्ग असा दिनक्रम बहुतेक ठिकाणी असतो. गाणी, नाटुकली, रंगीत मण्यांची कंकणं. काळा मणी पाप, लाल मणी ख्रिस्ताचं रक्त, पांढरा म्हणजे धुऊन निघालेलं मन, असं. रेवाला ते शिकवायला लावतील का, हे आधी विचारा. तिचा विश्वास नसताना तिने ते दुसऱ्याच्या मुलांना शिकवणं मला ख्रिश्चन म्हणूनही पटत नाही.

---

सडेतोड (९ मार्च)

कशाला इतका विचार? मिशनरी म्हटलं की हेतू एकच. शाळा, दवाखाना हे सगळं आमिष. इथे दोनशे वर्षं तेच चाललंय. पाठवू नका, विषय संपला.

---

नगरची_लेक (९ मार्च)

सडेतोड, विषय संपला नाही, कारण तुम्हीच तो दोनशे वर्षं मागे नेलात.

मी नगरची, तीन पिढ्यांची मराठी ख्रिश्चन. आमच्याकडे मिस फरार हे नाव घरातल्या आजीसारखं घेतात. सिंथिया फरार, अमेरिकन मिशनची शिक्षिका. लग्न न झालेली बाई, १८२७ च्या डिसेंबरात बोटीने मुंबईला उतरली. मुलींच्या शाळा काढल्या. १८३९ मध्ये नगरला आली. जोतीरावांनी नगरला येऊन तिची शाळा पाहिली, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं तेही तिच्याकडे. धर्मप्रसार हा तिचा हेतू होताच, लपवलेला नव्हता. पण सावित्रीबाई ख्रिश्चन झाल्या नाहीत आणि शिकवायला मात्र शिकल्या. हे दोन्ही एकाच शाळेत झालं. 'आमिष' या एका शब्दात ते बसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. मिस फरार १८६२ मध्ये वारली, नगरलाच. जवळजवळ पस्तीस वर्षं! मराठी शिकली, आजारी पडली, अधूनमधून शाळा बंद पडल्या, पुन्हा काढल्या. या नऊ दिवसांच्या सहलीला 'मिशन' म्हटलं की माझ्या कपाळावर आठी येते ती यासाठी. पोरं नऊ दिवसांत 'ओला' आणि 'ग्रासियास' शिकून परत येणार. तेही त्या गावात स्पॅनिश बोलत असतील तर. तिथे बावीस माया भाषा आहेत.

गोदावरीताईंच्या प्रश्नाला माझी पुरवणी: शिक्षक मुलांची भाषा बोलतो का? आपल्याकडे तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी बोलतात आणि पहिलीचं पुस्तक मराठीत असतं. मूल मठ्ठ नसतं, परक्या भाषेत बसलेलं असतं.

---

आकडेमोड (९ मार्च)

२२ × २३५० = ५१,७०० डॉलर.

यातला विमान, मुक्काम, बस, जेवण, विमा किती आणि सिमेंट-सळईचा किती, हे चर्चला लेखी विचारा. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये घरं बांधली गेली, त्यावर कर्ट व्हर बीक या अभ्यासकाचं काम प्रसिद्ध आहे. तो स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन, तिथेच राहणारा. स्थानिक संस्थेने बांधलेलं घर साधारण २,००० डॉलरला पडलं. उत्तर अमेरिकेतल्या गटाने येऊन बांधलेलं, प्रवासखर्च धरून, ३०,००० ला. घर मिळालेल्या लोकांना दोन्हींत काही फरक जाणवला नव्हता.

एका घरात पंधरा घरं. बाकी चालू द्या.

---

रसिका_म (९ मार्च)

आकडेमोड, हिशेब बरोबर आहे पण अर्धवट. ते तीस हजार एरवी होंडुरासला गेले असते का? रेवाने "सिमेंटसाठी पैसे द्या" असं पत्र लिहिलं तर कोण वीस डॉलर देईल? लोक सिमेंटला देत नाहीत, रेवाला देतात. शेजारची मुलगी काहीतरी चांगलं करतेय म्हणून देतात. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला आळीतलीच पोरं का पाठवतात? मंडळाने पावतीपुस्तक टपालाने पाठवलं तर छदाम येणार नाही.

---

आकडेमोड (९ मार्च)

मान्य. पण मग पत्रात तसं लिहावं: "मला जग बघायचंय, हातभार लावा." शाळेचं नाव कशाला पुढे करायचं?

---

सारंग_ह्यूस्टन (१० मार्च)

मी गेलोय. ग्वाटेमालालाच. त्यामुळे जरा लांबण लागेल.

कॉलेजात असताना रूममेटच्या चर्चबरोबर गेलो, सोलोला भागात, आतितलान तळ्याच्या वरच्या अंगाला. तळं असं की पहिल्या दिवशी कुणी फावडं उचलायलाच तयार नाही, सगळे फोटो काढतायत. समोर ज्वालामुखी.

पहिली गंमत. तिथलं शाळेचं वर्ष जानेवारी ते ऑक्टोबर. म्हणजे आम्ही जूनमध्ये 'शाळा बांधायला' गेलो तेव्हा शाळा भरलेली होती! शेजारच्या खोलीत पोरं एका सुरात काहीतरी घोकतायत आणि इकडे आमचं धाडधाड. मधली सुट्टी झाली की दोनशे पोरं कुंपणाला लटकून आम्हाला बघायची. आमच्या नेत्याला वाटलं पोरं खूश आहेत. मास्तरीणबाईंचा चेहरा मी पाहिला होता. वार्षिक तपासणीच्या दिवशी वर्गात माकडवाला शिरल्यासारखा.

दुसरी गंमत माझ्यापुरती. गटात मी एकटा सावळा. गावातले लोक माझ्याशी सरळ काक्चिकेलमध्ये, म्हणजे तिथल्या माया भाषेत, बोलायला लागायचे. मी शहरातून आलेला त्यांचाच कुणीतरी आहे असं वाटायचं त्यांना. मिस्त्रीनेही तेच धरलं. गोऱ्या पोरांना रंगकाम, सळयांना बाइंडिंग वायर गुंडाळणं, असलं हलकं काम. मला डोक्यावर सिमेंटचं पोतं. तीन दिवसांनी त्याला कळलं मी कोण ते, पोट धरधरून हसला. पण पोतं काही उतरवलं नाही.

आता तिसरी, ही गंमत नाही. आम्ही दिवसाला ब्लॉकचे दोन थर लावायचो आणि टाळ्या वाजवायचो. चौथ्या दिवशी माझी टोपी साइटवर राहिली म्हणून संध्याकाळी परत गेलो. मिस्त्री आणि त्याचा पोरगा दोरी ताणून, ओळंबा लावून आमचे वरचे दोन थर उतरवत होते. ओला माल खरवडायचा, ब्लॉक पुसायचा, पुन्हा बसवायचा. रागावलेला वगैरे नव्हता. मला बघून त्याने फक्त ओळंबा हातात दिला आणि भिंतीला लाव म्हणून खूण केली. अडीच बोटं बाहेर होती भिंत.

मी दीड तास तिथे थांबलो. त्या नऊ दिवसांत मी काही शिकलो असेन तर त्या दीड तासात.

नंतर स्वयंपाकघरातल्या एका बाईकडून कळलं, मिस्त्रीकडे एरवी दोन बिगारी असतात. "ग्रिंगो (म्हणजे आम्ही अमेरिकन) फुकट काम करणार आहेत" म्हणून त्या आठवड्यात त्यांना घरी बसवलं होतं. रोज साधारण वीस डॉलर मिळायचे त्यांना. त्यातला एक जण आम्ही जेवायला बसलो की रस्त्यापलीकडे उभा असायचा. आम्ही त्याला हात करायचो, तोही करायचा.

रेवाच्या आई, मी 'नको' म्हणत नाहीये. पण बिगाऱ्यांचं विचारा.

---

कॉंक्रीटकाका (१० मार्च)

अडीच बोटं! भूकंपाच्या पट्ट्यात! त्या मिस्त्रीला माझा दंडवत सांगा.

---

लंगडीघोडी (१० मार्च)

सारंगचं वाचून आमचं एनएसएसचं शिबिर आठवलं. भोरकडे, सात दिवस. आम्ही ओढ्यावर दगडमातीचा बंधारा घातला. उद्घाटन झालं, नारळ फुटला, भाषणं झाली. पहिल्याच वळवाने बंधारा पार वाहून गेला. पुढच्या वर्षी त्याच ओढ्यावर, त्याच जागी, दुसऱ्या कॉलेजने बंधारा घातला. गावकऱ्यांची अजिबात तक्रार नाही. दरवर्षी पोरं येतात, चार दिवस गावात जाग असते.

आता वाटतं, खरं श्रमदान आम्ही केलंच नव्हतं. ते केलं त्या चार बायकांनी, ज्या सत्तर जणांच्या भाकऱ्या थापत होत्या. पहाटे पाचपासून. त्यांच्या नावाने ना बॅनर ना प्रमाणपत्र. माझं प्रमाणपत्र आहे अजून, लॅमिनेट केलेलं.

---

टवाळपंत (१० मार्च)

त्या प्रमाणपत्राचे दहा गुण मिळाले होते की नाही ते सांग, उगाच हळवा होऊ नकोस.

---

उमरग्याचा (१० मार्च)

'तुमच्या गावात अशी मंडळी आलीत का' असं विचारलंत म्हणून लिहितो. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. मी अकरा वर्षांचा. आमच्या गावाला देशभरातून माणसं आली, परदेशातूनही. कुणी ब्लँकेट, कुणी भांडी, कुणी नुसतेच कॅमेरे. वाईट कुणीच नव्हतं.

नंतर बावन्न गावं नव्या जागी उठवली. घरं पक्की मिळाली, खोटं का बोलू. पण आखणी शहरातल्या कॉलनीसारखी, सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट. गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, म्हातारीने कुठल्या पारावर बसायचं, हे कुणी विचारलंच नाही. शेत लांब पडलं. आमच्या आजीने मरेपर्यंत त्या घराला 'सरकारचं घर' म्हटलं, आमचं घर कधी म्हटलं नाही.

आलेल्यांपैकी कुणाचं नाव आठवतं? ब्लँकेटवाल्यांचं नाही. एक बाई पुण्याहून यायच्या, दर महिन्याला, चार वर्षं. हातात कधी काही आणलं नाही. बसायच्या, ऐकायच्या, कुणाचा कागद अडकला असेल तर तहसीलला बरोबर जायच्या. त्यांचं नाव गावातल्या दोन मुलींना ठेवलंय.

---

नाशिककर_परागंदा (११ मार्च)

अवांतर आहे पण राहवत नाही. सगळे जण 'गोरे येतात आणि बांधतात' असं लिहितायत. उलटी गोष्टही घडलेली आहे आणि ती आमच्या नाशकात.

शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या नाशिककरांनाही ठाऊक नसतं की तिथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती, १८५० च्या दशकातली. अरबांच्या गुलामवाहू गलबतांवरून इंग्रजांच्या आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचे, त्यातली कितीतरी या शरणपुरात वाढली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंग्स्टनने १८६५ मध्ये शेवटच्या मोहिमेसाठी इथूनच काही पोरं बरोबर घेतली. १८७३ मध्ये तो मेल्यावर ज्यांनी त्याचं शव महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणलं, त्यात जेकब वेनराइट हा शरणपूरचा विद्यार्थी होता.

आणि त्याआधीच, १८६४ मध्ये, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर वगैरे मंडळी मोंबासाजवळच्या रबाईला शिक्षक-प्रचारक म्हणून गेली. पुढे १८७५ मध्ये मोंबासाला सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसलं, तिथेही नाशिकची माणसं होती. फ्रिअर म्हणजे तोच, मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर. तिथे एक घंटा होती, गुलामांचं गलबत दिसलं की वाजवायची. त्या भागाला आजही 'केंगेलेनी' म्हणतात, घंटेवरून.

म्हणजे केनियात शाळा चालवायला परदेशी मिशन गेलं ते नाशकातून, आणि ते परदेशीही नव्हतं, घरी परतणारं होतं. सुटी संपली म्हणून नवव्या दिवशी निघायची त्यांना सोय नव्हती.

---

टवाळपंत (११ मार्च)

ग्वाटेमालाहून धागा शरणपूर रोडला आला. आता डावीकडे वळला की कॉलेज रोड, आणि तिथून मिसळ. संपादक, सावध राहा.

---

नाशिककर_परागंदा (११ मार्च)

मिसळीबरोबर पाव की ब्रेड यावर वेगळा धागा आहे, तिथे या. कोपरापासून नमस्कार.

---

सडेतोड (११ मार्च)

शरणपूरचं माहीत नव्हतं. वाचतोय.

---

गोदावरी७८ (११ मार्च)

नोंद घ्या, सडेतोड 'वाचतोय' म्हणाले. स्क्रीनशॉट काढलाय.

---

रेवाची_आई (१६ मार्च)

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आठवडाभर तुमचे प्रश्न कागदावर उतरवून चर्चच्या युवागटप्रमुखाला भेटले. बिचारा पंचविशीतला मुलगा, मी यादी काढल्यावर त्याने कॉफी बाजूला ठेवली.

नकाशा तिथल्याच इंजिनियरचा. मिस्त्री गावचा, त्याला मजुरी मिळते. शिक्षक सरकारी, पदं मंजूर आहेत, आत्ता एक वर्ग ओसरीत भरतो म्हणून खोल्या हव्यात. मुलांची भाषा बोलतात का, हे त्याला माहीत नव्हतं. विचारून सांगितलं, तिघांपैकी दोघी बोलतात. एकूण रकमेतला साधारण पाचवा हिस्सा सामानाला आणि मजुरीला, बाकी प्रवास आणि राहणं. आकडेमोड, तुमचा चेहरा मला इथून दिसतोय.

बिगाऱ्यांचं विचारल्यावर तो गप्पच झाला. मग म्हणाला, हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. चार दिवसांनी मेल आला: गट असेल त्या आठवड्यातही बिगारी कामावर राहतील, मजुरी गट देणार. सारंग, हे तुमच्यामुळे.

बायबलचा वर्ग आहे दुपारी. रेवा त्या वेळात स्वयंपाकघरात मदत करेल असं ठरलं. वसईकर, कंकणं तिला करायला आवडली असती, तरी बरोबर आहे तुमचं.

रेवाला हा धागा वाचून दाखवला (मराठी ऐकते, वाचायचा कंटाळा). सारंगचं ऐकून बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी भिंत वाकडी बांधणार आणि तो काका रात्री ती सरळ करणार." मी म्हटलं, बहुतेक. तर म्हणे, "मग मी भिंतीला हातच लावत नाही, मी वाळू चाळते."

जातेय. फोटोवालं पत्र रद्द. अर्धे पैसे शेजारची मुलं सांभाळून मिळवणार, अर्धे आम्ही देणार, आणि आम्ही ते सहलीचे म्हणूनच देतोय. नवऱ्याला सांगितलंय, कॉलेजच्या निबंधात ग्वाटेमाला आलं तर वाय-फाय बंद.

---

रसिका_म (१६ मार्च)

झकास. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडची लस वेळेत घ्या. आणि साइटवर कॅनव्हासचे बूट नकोत, सिमेंटने पाय सोलवटतात. अनुभव आहे, विचारू नका.

---

सारंग_ह्यूस्टन (१६ मार्च)

वाळू चाळणं हे अत्यंत मानाचं काम आहे. खडा राहिला तर मिस्त्री नाव घेऊन ओरडतो.

---

आकडेमोड (१७ मार्च)

पाचवा हिस्सा. म्हणजे दहा हजारांच्या आसपास.

बरं. काही बोलत नाही.

---

रेवाची_आई (२ जुलै)

धागा वर काढतेय. रेवा परवा आली. नखात अजून सिमेंट आहे.

वाळू चाळली. चार दिवस. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी दोनला ठरल्यासारखा पाऊस, त्यामुळे अर्धा दिवस काम. पाचव्या दिवशी फरशीचं कॉंक्रीट टाकलं, बादल्यांची साखळी करून. त्यात बिगारी, पालक, गटातली पोरं सगळेच. साखळीत तिच्या शेजारी एक आजोबा होते, ते तिच्या हातात बादली नेहमी पाऊण भरलेलीच देत आणि पुढच्या पोराला काठोकाठ. तिला हे आठव्या दिवशी लक्षात आलं.

दुपारी स्वयंपाकघर. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका, पाट्यावर वाटून तळहातावर थापायचा आणि मातीच्या तव्यावर टाकायचा. हिची एकही गोल झाली नाही. बायका हसून हसून बेजार. एकीने हिची टॉर्टिया सगळ्यांना दाखवून मग कोंबड्यांना घातली. काल रात्री हिने सांगलीला व्हिडिओ कॉल लावला: "आजी, भाकरी शिकव." सासूबाईंनी आधी गळ्यात क्रॉस नाही ना ते पाहून घेतलं, मग परात काढली.

खोल्या काही झाल्या नाहीत पुऱ्या. भिंती छातीपर्यंत आल्यात. पुढचं मिस्त्री आणि बिगारी करतील, ऑगस्टपर्यंत पत्रे चढतील म्हणतात. रेवाला त्याचं वाईट वाटत होतं. मी काही बोलले नाही.

---

उमरग्याचा (२ जुलै)

कोंबड्यांना घातली हे फार आवडलं. पाहुणीला असं कुणी करत नाही.

---

नगरची_लेक (२ जुलै)

बाईंचं नाव माहीत आहे का रेवाला?

---

रेवाची_आई (२ जुलै)

हो. आणि त्यांच्या तिन्ही मुलांचं, आणि कुत्र्याचं. स्पॅनिशचा क्लास लावायचा म्हणतेय, पण त्या बाई स्पॅनिश जेमतेमच बोलतात म्हणे. आता काक्चिकेल कुठे शिकायचं ते शोधतेय.

---

कॉंक्रीटकाका (३ जुलै)

सगळं छान. पण फरशीला पाणी कोण मारतंय? दुपारी पाऊस पडतो म्हणून सकाळच्या उन्हात कोरडी ठेवायची नसते. मी मार्चमध्येच विचारलं होतं.

---

रेवाची_आई (३ जुलै)

काका, रेवाने मिस्त्रीच्या मुलाला व्हॉट्सॅपवर विचारलं. उत्तरात नुसता फोटो आला. फरशीवर ओली पोती अंथरलेली आहेत, आणि मधोमध, सगळ्यात गार जागी, ते कुत्रं पसरलंय.

---

कॉंक्रीटकाका (३ जुलै)

पोती चालतील. कुत्र्याला उठवू नका.